यादीचे नाव न घेता सरासरी

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला हे पाहून कोणती पिके घ्यायची ते ठरते. समजा, चार दिवसांच्या नोंदी १२, ०, ३० आणि ६ मिलिमीटर आहेत. सरासरी काढताना आपण म्हणतो, 'क्ष ही यादी. क्षची बेरीज भागिले क्षमधील नोंदींची संख्या.'

केनेथ आयव्हर्सन आणि रॉजर हुई यांच्या 'जे' या १९९० सालच्या संगणकभाषेत हा 'क्ष' लागतच नाही. तेथे सरासरीची व्याख्या एवढीच:

+/ % #

+/ म्हणजे सर्वांची बेरीज, # म्हणजे मोजणी आणि % हे शेकडेवारीचे नव्हे, भागाकाराचे चिन्ह! तीन क्रिया अशा शेजारी आल्या, की कडेच्या दोन्ही एकाच यादीवर चालतात आणि त्यांच्या उत्तरांवर मधली क्रिया होते. ४८ भागिले ४, म्हणजे १२. यादीचा उल्लेखच नाही, म्हणून हिला मूक व्याख्या म्हणू या.

मात्र ती वापरताना कंस हवा: (+/ % #) १२ ० ३० ६. कंस विसरलात, तर संगणक उजवीकडून एकेक क्रिया करत जातो. मोजणी ४, मग एकट्या % मुळे १ भागिले ४, आणि त्या एकाच संख्येची 'बेरीज' ०.२५. चूक झाली असे तो सांगत नाही.

आणखी एक. त्या ० च्या दिवशी पाऊस पडलाच नव्हता, की मोजायचा राहिला? राहिला असेल तर ती नोंद गाळावी लागेल आणि सरासरी १६ होईल. # ला यातले काही कळत नाही. ते पर्जन्यमापकाची वही लिहिणाऱ्यालाच विचारावे लागेल.