बिलिंगच्या डेटाबेसला मालक किती?



दुकानाच्या चाव्या कोणाकडे आहेत, हे तुम्हाला तोंडपाठ असतं. पण उधारीची खाती, खरेदीचे दर, गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर ज्या डेटाबेसमध्ये आहेत, त्याच्या चाव्या कोणाकडे आहेत?

अनेक बिलिंग सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर चालतात. त्याच्या २००५ पर्यंतच्या आवृत्त्यांमध्ये विंडोजच्या 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' ग्रुपमधला प्रत्येक जण आपोआप डेटाबेसचा 'सिसअ‍ॅडमिन', म्हणजे सर्वाधिकारी व्हायचा. प्रिंटर बसवता यावा म्हणून एखाद्याला विंडोजचे अ‍ॅडमिन हक्क दिले, की त्याला तुमची सगळी खाती बघता, बदलता, पुसताही येणार. तेही बिलिंगचा पासवर्ड न टाकता! २००८ च्या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये हे बंद झालं. पण जुन्यावरच अपग्रेड केलं असेल, किंवा बसवणाऱ्याने सोय म्हणून हा ग्रुप जोडला असेल, तर ते दार आजही उघडं असू शकतं.

सिसअ‍ॅडमिनला एखाद्या टेबलापुरती मनाई करून भागत नाही, कारण त्याला मनाई लागूच होत नाही. त्याला त्या रोलमधून काढावंच लागतं. क्रम असा ठेवा:

१. मॅनेजमेंट स्टुडिओत सिक्युरिटी, सर्व्हर रोल्स, मग सिसअ‍ॅडमिन उघडा. यादीत 'बिल्टइन अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स' आहे का बघा.

२. असेल तर आधी बॅकअप घ्या. मग स्वतःचं वेगळं लॉगिन सिसअ‍ॅडमिनमध्ये घाला आणि त्याने आत जाऊन बघा. ही पायरी गाळलीत तर मालकच दाराबाहेर राहील.

३. रोजचा बॅकअप किंवा बिलिंग सॉफ्टवेअर याच ग्रुपच्या जोरावर चालतंय का, ते सॉफ्टवेअरवाल्याला विचारा. चालत असेल तर त्यासाठी गरजेपुरते हक्क असलेलं वेगळं लॉगिन करून घ्या.

४. मगच ग्रुपला रोलमधून काढा. काम दुकान बंद झाल्यावर करा आणि लगेच एक बिल काढून बघा.

एवढ्याने सगळं सुरक्षित झालं, असं मात्र समजू नका. विंडोजचा अ‍ॅडमिन सर्व्हर बंद करून सिंगल युजर मोडमध्ये चालू करू शकतो आणि स्वतःला पुन्हा सर्वाधिकारी करू शकतो. फरक इतकाच, की त्यासाठी त्याला बिलिंग थांबवावं लागतं, म्हणजे गुपचूप होत नाही. म्हणून विंडोजचे अ‍ॅडमिनही मोजकेच ठेवा. माणूस काम सोडून गेला, की त्याच दिवशी त्याचं खातं बंद करा.

आज फक्त पहिली पायरी करा. यादीतल्या प्रत्येक नावापुढे 'हे इथे कशाला?' असं विचारा.