कॅमेरा घरात आला, आता लेन्स कोणती?

आमच्या लेकीने जुना कॅमेरा विकत घेतला, त्याला दोन वर्षे झाली. सोबत १८-५५ची साधी झूम लेन्स होती. साताऱ्यात नात्यागोत्यातले फोटो काढता काढता तिला निकाहची बोलावणी येऊ लागली. कारण उघड आहे. बायकांच्या बाजूला पुरुष फोटोग्राफर नको असतो, आणि कॅमेरा धरणाऱ्या मुली आपल्याकडे अजून थोड्याच. गेल्या हिवाळ्यात सांगलीच्या एका घरातून पैसे देणारे पहिले काम आले. हॉलमध्ये पिवळट दिवे, बायकांच्या बाजूला तर अधिकच अंधुक. घरी येऊन पाहिले तर निम्मे फोटो हललेले. नवरीच्या हातावरची मेंदी ओळखू येईना. लेकीने अर्धे पैसे परत केले, आम्ही काही बोललो नाही.

मग घरात वाद सुरू झाला, कारण शिल्लक एकाच लेन्सपुरती होती. तिला ५०ची प्राइम हवी होती. तिचे मामू म्हणाले, "जी पुढे-मागे होतच नाही, तिला पैसे कशाला? ५५-२५० घे, लांबचे जवळ दिसेल."

खरा प्रश्न प्रकाशाचा होता. एफचा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे तोंड मोठे. तिची झूम ५५वर नेली की एफ ५.६च्या पुढे उघडत नाही. ५०ची प्राइम एफ १.८पर्यंत उघडते, म्हणजे नऊ-दहा पट उजेड आत घेते. जिथे झूमला एक दशांश सेकंद लागतो, तिथे प्राइमचे काम शंभराव्या भागात होते. काही झूममध्ये हाताची थरथर सावरण्याची सोय असते, पण समोरची नवरी मान वळवून हसली तर ती सोय तिला थांबवू शकत नाही.

एका नातलगाकडून ५०ची लेन्स चार दिवस मागून आणली आणि मिरजेला गेलो. सतारमेकर गल्लीतले हे कारागीर शिकलगार घराण्यांतले, पूर्वज हत्यारे घडवणारे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कारखान्यात उजेड दारातूनच येतो. परवानगी घेऊन लेकीने जवारी लावणाऱ्या चाचांची बोटे टिपली. बोटे लख्ख, मागची भोपळ्यांची रांग धूसर. मामू गप्प झाले.

पण दुसऱ्याच दिवशी खालाच्या घरी मेंदी होती, आणि तिथे तीच लेन्स अडली. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान असल्याने ५०ची लेन्स ७५-८०सारखी वागते. खोलीत वीस बायका. लेक भिंतीला पाठ लावून उभी राहिली तरी दोनच चेहरे मावले, त्यातही नवरी स्पष्ट आणि शेजारची अम्मी धूसर. दोघी स्पष्ट हव्यात तर एफ २.८ किंवा ४वर यावे लागते, मग उजेडाची कमाई तेवढी घटते. हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

मामूंचेही अगदीच खोटे नव्हते. सप्टेंबरमध्ये कास पठारावर गेलो की फुलांत पाय टाकता येत नाही, टाकूही नये. पायवाटेवरून आत फुललेली सीतेची आसवे टिपायची तर लांबची झूमच हवी. सागरेश्वरच्या हरणांचेही तेच. पण कासचे पैसे कोणी देत नाही.

शेवटी लेकीनेच तोडगा काढला. प्रत्येक डिजिटल फोटोच्या माहितीत तो किती मिलिमीटरवर काढला हे नोंदलेले असते. तिने निकाहचे जुने फोटो एकेक उघडून ते आकडे वहीत उतरवले. बायकांच्या खोलीतले बहुतेक १८ ते ३५मधले निघाले, ५०च्या आसपास मोजकेच. आपल्यापैकी कोणाच्या घरी हा वाद असेल, तर दुकानात जाण्याआधी हे जरूर करून पाहावे. किंवा आठवडाभर झूम एकाच आकड्यावर ठेवून फोटो काढावेत. कुठे अडते ते लगेच कळते.

तिने वापरलेली ३५ची प्राइम घेतली, एफ १.८ची. साऱ्या खानदानाच्या एकत्र फोटोसाठी जुनी १८-५५ पिशवीत राहिलीच आहे.

सांगलीच्या त्याच घरात आता धाकटीचा निकाह ठरला आहे. त्यांनी पुन्हा हिलाच बोलावले. आगाऊ रक्कम पुढे केली, ती मात्र तिने घेतली नाही. आधी फोटो पाहा, म्हणाली.