अस्सल, नक्कल आणि तपासनीस

दुरुस्ती झाली म्हणजे दोष गेला, अशी आपणा सर्वांची एक भाबडी समजूत असते. कौले चाळली, गळती थांबली, मजूर पैसे घेऊन गेला. आणि पुढल्या पावसाळ्यात जुन्या जागेपासून हातभर अंतरावर पुन्हा थेंब पडू लागतात. संगणकाच्या पोटातही असेच घडते. तेथील एका दुरुस्तीची हकीगत आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत. विषय तांत्रिक खरा; परंतु ज्याने तहसील कचेरीतून एकदा तरी नक्कल काढली आहे, त्याला तो जड जाऊ नये.

संगणकात अनेक कार्यक्रम एकाच वेळी चालतात. त्या सर्वांना स्मृतीची वाटणी करून देणारा, एकाने दुसऱ्याच्या हद्दीत शिरू नये म्हणून पहारा करणारा जो मध्यवर्ती कार्यक्रम, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणतात. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली असा एक गाभा लिहून जगाला खुला केला; तोच लिनक्स. आपल्यापैकी ज्यांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन आहे, त्यांच्या खिशात हा गाभाही आहे.

हा गाभा स्मृतीचे पानांत विभाजन करतो. नेहमीचे पान ४,०९६ बाइटांचे. एकच फाइल दहा कार्यक्रमांना हवी असेल, तर तिच्या दहा प्रती करणे म्हणजे उधळपट्टी. म्हणून गाभा सर्वांना एकच अस्सल पान वाचावयास देतो. कोणी आपल्यापुरता त्यात फेरफार करू म्हणेल, तर त्याच क्षणी त्याला स्वतंत्र नक्कल करून दिली जाते. अस्सल दप्तरात सुरक्षित राहते. ज्याला खरडावयाचे असेल त्याने आपल्या नकलेवर खरडावे. योजना मोठी शहाणपणाची आहे आणि तिच्यावाचून आजचा एकही संगणक नीट चालणार नाही.

आता दोष कोठे होता ते पाहू. कल्पना करा की कारकुनाच्या हाती एक चिठ्ठी आहे : ‘अर्जदारास लिहिण्यासाठी पान हवे.’ कारकून अस्सलाची नक्कल करतो, अर्जदाराच्या नावच्या खणात ठेवतो, आणि आता नक्कल तयारच आहे, काळजीचे कारण नाही, असे समजून चिठ्ठीवरील ‘लिहिण्यासाठी’ हा शब्द खोडतो. मग तो पान आणण्यास वळतो. नेमक्या त्या निमिषात अर्जदाराचा साथीदार खणातील नक्कल काढून फाडून टाकतो. नक्कल अर्जदाराचीच, तेव्हा ती टाकून देण्याचा त्याला पूर्ण अधिकार! कारकून येतो, खण रिकामा पाहतो, चिठ्ठी वाचतो. तीत लिहिण्याचा उल्लेख उरलेलाच नाही; तेव्हा तो निःशंकपणे अस्सल पान आणून देतो. अर्जदार तर लेखणी सरसावून उभाच असतो.

परिणाम असा की, ज्याला एखादी फाइल केवळ वाचण्याची परवानगी आहे, त्याला ती बदलता येऊ लागली. आणि अशा फाइलींत काही अशा असतात की त्या बदलणाऱ्याच्या हाती साऱ्या यंत्राची मालकी जाते. २००७ पासूनच्या लिनक्समध्ये असलेला हा दोष ऑक्टोबर २०१६ मध्ये उघडकीस येऊन दुरुस्त झाला. इंग्रजी आद्याक्षरे जुळवून त्याला ‘डर्टी काऊ’ असे नाव पडले. बिचाऱ्या गाईचा त्यात काही अपराध नव्हता.

येथे एक शंका साहजिकच येईल : इतक्या जाणकारांच्या नजरेतून ही गोष्ट सुटली कशी? उत्तर अधिकच विचार करावयास लावणारे आहे. ती सुटली नव्हती. स्वतः टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्येच या फटीवर एक उपाय केला होता. पण पानावर लेखन झाले आहे किंवा नाही याची खूण आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत त्या काळी निराळ्या ठिकाणी ठेवली जात असे. त्या यंत्रांवर तो उपाय लागू पडेना, म्हणून मागे घ्यावा लागला. फट कागदोपत्रीच आहे, प्रत्यक्षात कोण तीतून शिरणार, असे तेव्हा वाटण्यासारखे होते. पुढे गाभ्यात सुधारणा होत गेल्या आणि ज्याला केवळ तर्क म्हटले होते, ते घडवून आणणे सोपे झाले.

२०१६ ची दुरुस्ती दोन फाइलींतील मोजक्या ओळींची. चिठ्ठीवरचा शब्द आता खोडावयाचा नाही. उलट ‘नक्कल केली आहे’ अशी जोड टीप लिहावयाची, आणि पान देताना त्यावर लेखनाची खूण खरोखरच आहे ना, हे पाहावयाचे. खूण नसेल तर ती नक्कल नव्हे. युक्ती चोख होती. परंतु गाभ्यात २ मेगाबाइटांची थोरली पानेही असतात, आणि त्यांच्या वाटेवर एक जुनी ओळ होती : पान नुसते वाचले तरी ती लेखनाची खूण करून टाकी. जोवर त्या खुणेवर कोणाची मदार नव्हती, तोवर ती ओळ निरुपद्रवी होती. नव्या दुरुस्तीने त्या खुणेला साक्षीदार केले, आणि साक्षीदार खोटा निघाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये हे उघड झाले आणि दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली.

म्हणूनच स्मृतीच्या व्यवस्थेतील बदल तपासणे हे गाभ्याच्या कामातील अतिशय अवघड काम मानले जाते. अशा बदलांचा मसुदा लिनक्समध्ये उघडपणे मांडला जातो, इतर जाणकार तो वाचतात, आणि पटल्यावर तपासनीस म्हणून आपले नाव त्याखाली घालतात. ते नाव म्हणजे एक प्रकारची जामीनकी होय. नुसत्या चाचण्यांवर भिस्त ठेवून भागत नाही. कारण वरील गोंधळ निमिषाच्या योगायोगावर अवलंबून आहे. लाख वेळा यंत्र बिनचूक चालेल. पण वैरी लाखावर एकदा प्रयत्न करतो.

तपासनीस मग पाहतो काय? बदललेल्या ओळी तर तो वाचतोच. पण त्या ओळी कशावर विश्वास ठेवून आहेत, हे तो विचारतो. या दोन पायऱ्यांच्या मध्ये तिसरा कोणी आला तर? या पानावर आणखी कोणाचा हक्क आहे, याची मोजदाद कोण ठेवतो? हा नियम सर्व यंत्रांवर आणि सर्व आकारांच्या पानांवर खरा आहे काय? आणि सर्वांत महत्त्वाचे : ज्या खुणेवर आपण आज भरवसा टाकीत आहोत, ती खूण दुसऱ्या कोणत्या कारणाने उमटत असेल काय? २०१६ मध्ये हा शेवटचा प्रश्न थोरल्या पानांच्या बाबतीत अनुत्तरित राहिला, एवढेच.

यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. टॉरवाल्ड्स यांनी आपला २००५ चा उपाय नीट नव्हता, हे दुरुस्तीच्या टिपणातच नमूद करून ठेवले आहे. चुकीची नोंद दप्तरात राहिली, म्हणूनच पुढल्याला माग काढता आला आणि आम्हालाही आज ही हकीगत सांगता आली. जेथे चूक लपविली जाते, तेथे ती पुन्हा नव्याने करावी लागते. अस्सल पान सुरक्षित राहावयाचे, तर नकलेइतकीच ही नोंदही जपली पाहिजे.