डोक्यास लागलेला मार

वर्तमानपत्रांतील क्रीडापृष्ठ उघडलें म्हणजे अमेरिकेंतील धंदेवाईक फुटबॉलसंबंधानें एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. कोणता संघ जिंकला या बातमीच्या जोडीला, अमुक खेळाडूच्या डोक्यास मार लागल्यामुळें डॉक्टरांनीं त्यास पुढील सामन्यास मनाई केली, अशीही बातमी असते; आणि पुष्कळदां पहिलीपेक्षां दुसरीचीच चर्चा अधिक होते. आमच्या वाचकांपैकीं कोणी म्हणेल कीं, नगर जिल्ह्यांतील मुलांस या परक्या खेळाशीं काय कर्तव्य आहे? तो खेळ आपल्याकडे रुजला नाहीं हें खरें. २०१२ च्या सुमारास त्याचा 'पुणे मराठाज' नांवाचा एक संघ निघाला होता, तरी आपल्या पोरांनीं क्रिकेट, कबड्डी आणि कुस्ती यांची संगत सोडली नाहीं. परंतु खेळ परका असला तरी कवटी सर्वांची सारखीच असते. त्या लोकांनीं प्राणहानि व द्रव्यहानि सोसून जें ज्ञान मिळविलें, तें आपणांस फुकट मिळत असतां न घेणें शहाणपणाचें होणार नाहीं.

त्या खेळाचें नांव फुटबॉल असलें तरी त्यांत पायाचें काम थोडें. दोन्ही टोकांस निमुळता असा चेंडू हातांत धरून धांवावयाचें, आणि प्रतिपक्षाच्या ११ गड्यांनीं धांवणाराच्या अंगावर झेप घालून त्यास जमिनीवर पाडावयाचें, हें त्याचें मुख्य स्वरूप. कबड्डींतील पकड घोड्याच्या वेगानें होऊं लागली, तर काय होईल याची कल्पना करावी. १९०५ सालीं त्या देशांत या खेळानें इतके तरुण दगावले कीं, अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं मोठमोठ्या कॉलेजांच्या प्रतिनिधींस व्हाइट हाउसमध्यें बोलावून खेळ सुधारण्याची सूचना केली, व १९०६ पासून नवे नियम आले. पुढें शिरस्त्राणाचा प्रसार झाला. आरंभीं तें चामड्याचें असे. १९४३ पासून धंदेवाईक संघांत तें सक्तीचें झालें, आणि कालांतरानें टणक प्लॅस्टिकचें रूढ झालें. येथें एक विलक्षण प्रकार घडला. डोकें सुरक्षित झालें असें वाटूं लागतांच गडी डोकेंच पुढें करून प्रतिपक्षावर आदळूं लागले. ढाल म्हणून जें दिलें त्याचें हत्यार झालें! अखेर १९७६ सालीं शाळा-कॉलेजांच्या खेळांत डोक्यानें धडक देण्यास नियमानें बंदी करावी लागली.

शिरस्त्राणानें कवटी वांचते, मग मेंदू कां वांचत नाहीं? आमच्या बालवाचकांनीं घरीं दह्याचें मडकें पाहिलेंच असेल. घट्ट विरजलेल्या दह्याचें मडकें कोणी एकदम हिसडलें, तर मडक्यास तडा जात नाहीं, पण आंतील दहीं मोडतें व पाणी सुटतें. मेंदूची स्थिति बरीचशी अशीच आहे. सुमारें १४०० ग्रॅम वजनाचा हा मऊ गोळा कवटीच्या आंत पाण्यासारख्या द्रवांत तरंगत असतो. वेगांत असलेलें डोकें एकाएकीं थांबलें किंवा गर्रकन वळलें, कीं कवटी थांबते पण मेंदू थांबत नाहीं. तो आंतल्या आंत हेलकावतो, पिळला जातो, आणि त्याचे सूक्ष्म तंतु ताणले जातात. बाहेर ना जखम, ना रक्त. यासच डॉक्टर लोक 'कन्कशन' म्हणतात. मनुष्य बेशुद्ध पडला तरच मेंदूस मार लागला, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती चुकीची आहे. बहुतेक कन्कशनांत मनुष्य क्षणभरही बेशुद्ध होत नाहीं.

असा मार वर्षानुवर्षें बसत राहिला तर त्याचा परिणाम काय होतो, याचा शोध फार हळू लागला. मुष्टियुद्ध करणारांपैकीं कित्येकांचें चालणें-बोलणें पुढें दारुड्यासारखें होतें, हें डॉ. हॅरिसन मार्टलँड यांनीं १९२८ सालींच लिहून ठेविलें होतें. फुटबॉलची पाळी आली ती २००२ मध्यें. त्या वर्षीं पिट्सबर्ग संघाचे नामांकित खेळाडू माइक वेब्स्टर वयाच्या ५० व्या वर्षीं वारले. एके काळीं लोकांनीं ज्यांस डोक्यावर घेतलें, त्यांचीं शेवटचीं वर्षें स्मृतिभ्रंश आणि दारिद्र्य यांत गेलीं होतीं. त्यांची शवपरीक्षा नायजेरियांत जन्मलेले तरुण डॉक्टर बेनेट ओमालू यांजकडे आली. वरून पाहतां मेंदू धडधाकट दिसत होता; परंतु त्याचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवले, तेव्हां त्यांत टाउ नांवाच्या प्रथिनाचे गुंते आढळले. ओमालू यांचा लेख २००५ सालीं प्रसिद्ध झाला, आणि खेळाच्या संघटनेच्या डॉक्टरांनीं तो मागें घ्यावा अशी मागणी केली! या रोगाचा व खेळाचा संबंध आहे अशी कबुली संघटनेच्या अधिकाऱ्यानें अमेरिकन लोकप्रतिनिधींपुढें दिली ती २०१६ सालीं. मध्यंतरीं हजारों माजी खेळाडूंनीं कोर्टांत दावे लावले, व २०१३ सालीं ७६ कोटी ५० लक्ष डॉलर देण्याचें संघटनेस मान्य करावें लागलें. न्यायाधीशांस तीही रक्कम अपुरी पडेल असें वाटल्यामुळें पुढें ती मर्यादा काढण्यांत आली. २०१७ मध्यें बोस्टन येथील संशोधकांनीं या धंद्यांतील १११ मृत खेळाडूंचे मेंदू तपासले, तेव्हां ११० मेंदूंत हा विकार सांपडला. यावरून सर्वच खेळाडूंस तो होतो असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांच्या घरच्यांस संशय होता, त्यांचेच मेंदू मुख्यतः तपासणीस आले होते.

आपल्या देशांत डोक्यास धोका पोंचविणारा प्रमुख खेळ म्हणजे क्रिकेट, कारण त्याचा चेंडू सुमारें १६० ग्रॅम वजनाचा आणि जवळजवळ दगडासारखा कठीण. १७ मार्च १९६२ रोजीं बार्बाडोस बेटावर भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. त्यांची कवटी फुटली व तातडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देण्यास प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल पुढें आले. आपल्या शेजारच्या पुण्याचे चंदू बोर्डे व नाशिकास जन्मलेले बापू नाडकर्णी यांनींही रक्त दिलें. कॉन्ट्रॅक्टर वांचले, पुढें खेळलेही. परंतु कसोटी सामना त्यांच्या नशिबीं पुनः आला नाहीं. १९७६ सालीं जमैकांत बडोद्याचे अंशुमान गायकवाड ८१ धावांवर असतां मायकेल होल्डिंग यांचा चेंडू त्यांच्या कानावर बसला व कानाचा पडदा फाटला. त्या काळीं फलंदाज उघड्या डोक्यानेंच खेळत.

या सर्वांहून आम्हांस रमण लांबा यांची हकीकत अधिक बोधप्रद वाटते. फेब्रुवारी १९९८ मध्यें ढाक्यांत ते फलंदाजाच्या अगदीं निकट क्षेत्ररक्षणास उभे राहिले. शिरस्त्राण हवें का, असें विचारलें असतां, आतां थोडेच चेंडू राहिले आहेत म्हणून त्यांनीं तें घेतलें नाहीं. फटकाविलेला चेंडू डोक्यास लागला. ते स्वतःच्या पायांनीं मैदानाबाहेर गेले! थोड्याच वेळांत त्यांची शुद्ध हरपली, आणि २३ फेब्रुवारीस ते वारले. कवटीच्या आंत रक्तस्राव होऊं लागला म्हणजे आरंभीं कांहीं वेळ मनुष्य अगदीं ठीक दिसूं शकतो. तेवढ्यांत सांचलेलें रक्त मेंदूवर दाब देऊं लागतें. तेव्हां 'पोरगा चालत घरीं आला' हा कांहीं पुरावा नव्हे.

हें ओळखूनच १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेटांत, ज्याच्या मेंदूस मार लागला आहे त्याच्या जागीं दुसरा खेळाडू घेण्याची मुभा झाली. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत कलकत्त्यास बांगलादेशाच्या दोन खेळाडूंस महंमद शमी यांचे चेंडू डोक्यास लागले व दोघांच्याही जागीं दुसरे आले. त्या सामन्यांत आपल्या संगमनेर तालुक्यांतील आश्वी खुर्द येथें जन्मलेले अजिंक्य रहाणे खेळत होते. ज्या जिल्ह्यानें श्रीरामपूरचे झहीर खान यांच्यासारखा जलद गोलंदाज दिला, तेथील मुलें चेंडू हळू टाकतील अशी आशा कोणी धरूं नये, आणि आम्हीही धरीत नाहीं.

अमेरिकेंत याबाबत शाळांसाठीं स्वतंत्र कायदा आहे. २००६ सालीं वॉशिंग्टन राज्यांत लिस्टेड नांवाच्या १३ वर्षांच्या मुलाच्या डोक्यास सामन्यांत मार लागला. थोडा वेळ बसून तो त्याच सामन्यांत पुनः उतरला, आणि शेवटीं मेंदूंत रक्तस्राव होऊन कोसळला. तो जगला, परंतु चालणें-बोलणें त्यास नव्यानें शिकावें लागलें. २००९ मध्यें त्याच्याच नांवाचा कायदा झाला: डोक्यास मार लागल्याचा संशय आला कीं मुलास त्या दिवशीं बाहेर काढावें, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीवांचून परत घेऊं नये. पुढें त्या देशाच्या पन्नासही राज्यांनीं असे कायदे केले. पहिल्या मारानें दुखावलेला मेंदू दुसरा मार सोसूं शकत नाहीं, आणि वाढत्या वयाच्या मुलांत तर तो एकाएकीं सुजून प्राणावर बेतूं शकतें, हें या कायद्याचें मूळ आहे.

आपल्याकडे कबड्डींत दोन डोकीं एकमेकांवर आपटतात, खो-खोंत गडी खांबावर आदळतो, आखाड्यांत मान व डोकें खालीं येतें. आणि या खेळांत शिरस्त्राण घालतां येत नाहीं. उठून 'कांहीं नाहीं, सर' म्हणणाऱ्या मुलासाठीं प्रेक्षक टाळ्या वाजवितात. त्या टाळ्या आम्हांस मुळींच रुचत नाहींत. कर्णधारानें त्यास प्रथम विचारावें: आपण कोणाशीं खेळत आहों? शेवटचा गुण कोणी घेतला? उत्तर चुकलें, किंवा डोकें दुखणें, भोंवळ, मळमळ, अंधारी यांपैकीं एकही तक्रार असली, तर त्यास बाहेर बसवावें, मग अंतिम सामना कां असेना. उत्तर बरोबर आलें, एवढ्यानें मात्र त्यास परत उतरवूं नये.

पालकांस आमची विनंति अशी कीं, हळद-चुन्याचा लेप लावून टेंगूळ बसेल, पण आंतला मार त्यानें कळत नाहीं. डोकेंदुखी वाढत गेली, पुनःपुनः ओकारी झाली, झटके आले, मूल जागें करूनही उठेना, एक बाहुली मोठी व दुसरी लहान दिसूं लागली, किंवा नाक-कानांतून पाण्यासारखा द्रव येऊं लागला, तर रात्र असो वा पाऊस असो, त्यास तत्काळ इस्पितळांत न्यावें. डॉक्टरांनीं तपासून घरीं पाठविलें असेल तर त्यास झोपूं देण्यास हरकत नाहीं. मार लागल्यावर झोपूंच देऊं नये, ही जुनी समजूत बरोबर नाहीं. पहिले एक-दोन दिवस विश्रांति, नंतर थोडा अभ्यास, नंतर शाळा, आणि खेळ सर्वांच्या शेवटीं, असा क्रम डॉक्टर सांगतात. लहान मुलांस पुरें बरें वाटण्यास कधीं चार आठवडेही लागतात. या काळांत मूल चिडखोर झालें किंवा पाठांतर विसरूं लागलें, तर त्यास आळशी म्हणूं नये, व शिक्षकांनींही परीक्षेची थोडी सवलत द्यावी.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. वाडिया पार्कवर मार लागला तर इस्पितळ जवळ आहे. परंतु अकोले किंवा जामखेड तालुक्यांतील एखाद्या गांवीं सामना असेल, तर मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर गांठण्यास बराच वेळ मोडतो. म्हणून पंचांची नेमणूक होते त्याच वेळीं, मोटार कोणाची व ती कोण हांकणार, हेंही ठरवून मुख्याध्यापकांच्या वहींत लिहून ठेवावें.