मजबूत की चिवट? ताईच्या कॅलिपरची गोष्ट

दादर या शब्दाचा अर्थच मुळी जिना. हा अर्थ आमच्या ताईइतका कोणाला कळला असेल असे वाटत नाही. १९६२ साली, वयाच्या तिसऱ्या वर्षी तिला पोलिओ झाला आणि डावा पाय लुळा पडला. वडील गिरणीत साचाखात्यात होते. शाळेत जाईपर्यंत ते तिला खांद्यावर घेऊन दादर स्टेशनचा पूल चढत. मग लोखंडी पट्ट्यांचा, चामड्याच्या पट्ट्यांनी आवळायचा कॅलिपर आला. तो घालून ताई शिकली, नोकरीला लागली आणि रोज तोच पूल चढून-उतरून निवृत्त झाली.

वाचकहो, आपल्या जिल्ह्यातही ताईच्या वयाची अशी कितीतरी माणसे आहेत. आजचा लेख खास त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे.

माझी चूक

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. चार वर्षांपूर्वी ताई म्हणू लागली, "अरे, हल्ली पाय उचलतच नाही. उजवाही दुखतो. दुपारपर्यंत अगदी गळून जाते." मी म्हटले, "ताई, वय झालं. व्यायाम वाढव." तिने बिचारीने वाढवला आणि ती अधिकच थकली. एकदा तर जिन्यातच बसली.

तिला वयाचा त्रास नव्हता. पोलिओ होऊन गेल्यावर पंधरा ते चाळीस वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, काही रुग्णांमध्ये नव्याने अशक्तपणा, थकवा आणि सांधेदुखी सुरू होते. याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. रोग उलटलेला नसतो आणि तो कोणाला लागतही नाही. पोलिओतून वाचलेल्या मज्जापेशींनी इतकी वर्षे दुप्पट काम केलेले असते. त्या आता थकतात, असे तज्ज्ञ मानतात. अशा स्नायूंना दमवणारा व्यायाम दिला तर अपायच होतो. घरच्या माणसाला घाईने सल्ला देऊ नये, हे मी त्या दिवशी शिकलो.

डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली : पायावरचे ओझे कमी करा. वाण्याच्या काट्यावर बुटासकट कॅलिपर ठेवला, तो भरला सव्वातीन किलो. पायाच्या खालच्या टोकाला असलेले वजन प्रत्येक पावलाला उचलावे आणि पुढे फेकावे लागते, म्हणून कमरेला बांधलेल्या वजनापेक्षा ते कितीतरी जास्त दमवते.

"हे मोडलं तर?"

उपाय होता कार्बन फायबरच्या कॅलिपरचा. ताईने नमुना हातात घेतला, बोटांनी वाजवून पाहिला आणि म्हणाली, "प्लास्टिकच की रे हे. मोडलं तर?"

तिचा प्रश्न अनुभवातून आलेला होता. १९८८ मध्ये ऐन गर्दीच्या वेळी, पुलाच्या पायऱ्यांवर, गुडघ्याजवळची लोखंडी पट्टी रिव्हेटच्या भोकापाशी मोडली. लोकांनी धरले म्हणून ती वाचली. पण लोखंड ते लोखंड! पूर्वेच्या एका वेल्डिंगवाल्याने तासाभरात जोडून दिले.

तिला उत्तर द्यायचे तर मजबुती आणि चिवटपणा यांतला फरक सांगणे भाग होते. काचेची कांडी बरेच वजन पेलते, पण तिला चरा पडला की कट्कन मोडते. काच मजबूत असेल, चिवट नव्हे. बांबूची कामटी मात्र वाकते, तडकते, तरी एकदम दोन तुकडे होत नाहीत. कारण बांबूत उभे धागे असतात. तडा एका धाग्यापाशी येतो आणि तिथे अडतो किंवा बाजूला वळतो. कोकणात कुडाच्या भिंतीला माती लिंपतात, मातीत भाताचे तूस किंवा गवत घालतात, त्यामागचे तत्त्व हेच. नुसती माती भेगाळते, नुसते गवत उभे राहत नाही; दोन्ही मिळून भिंत टिकते.

आपले हाडही याच जातीचे आहे. त्यात कोलॅजेनचे चिवट धागे आणि कॅल्शियम-फॉस्फेटचे कठीण खनिज असते. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून पाहा : खनिज विरघळते आणि हाड रबरासारखे वाकते. उलट हाड भाजले की धागे जळतात, आकार तसाच राहतो, पण बोटाने दाबताच चुरा होतो. लहान मुलांचे हाड ओल्या फांदीसारखे अर्धवट मोडते आणि म्हाताऱ्यांचे सहज तुटते, यात या दोन घटकांचाही मोठा भाग आहे.

कापडाचेच शास्त्र

कार्बनचा एक धागा केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका बारीक असतो. अशा हजारो धाग्यांचे कापड विणतात. पायाचा प्लास्टरचा साचा करून त्यावर कापडाचे थर चढवतात, हवा ओढून घेत त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारा रस, मुरवतात. तयार पदार्थ त्याच आकाराच्या पोलादाच्या पाव वजनाहूनही कमी भरतो.

ताईला हे लगेच पटले. गिरणी कामगाराची लेक ती! उभा धागा उभा ताण घेतो, आडवा आडवा. तिरपा ताण येणार तिथे कापड तिरपे ठेवावे लागते. कोणत्या जागी किती थर आणि कोणत्या दिशेला, यातच कारागिराचे कसब आहे.

अडचण थरांच्या मधली आहे. तिथे धागे नसतात, नुसता रस असतो; फटका बसला की थर सुटू शकतात. म्हणून संशोधक रसात रबराचे बारीक कण मिसळतात, थर एकमेकांना शिवतात किंवा कार्बनच्या जोडीला काचेचे वा अॅरामिडचे धागे घालतात. आणखी एक गंमत म्हणजे धागा आणि रस यांची पकड बेताची लागते. फार सैल असेल तर भार धाग्यापर्यंत पोचत नाही. फार घट्ट असेल तर तडा न अडता आरपार जातो.

या विद्येचा आणि अपंगांचा आपल्या देशातला संबंध जुना आहे. अग्नी क्षेपणास्त्राची पहिली चाचणी २२ मे १९८९ रोजी झाली. त्यासाठी हलके पदार्थ घडवणाऱ्या हैदराबादच्या प्रयोगशाळेत निम्स रुग्णालयाचे एक अस्थिरोगतज्ज्ञ आले, त्यांनी डॉ. अब्दुल कलामांना आपल्या वॉर्डात नेले आणि तीन किलोहून जड कॅलिपर ओढणारी मुले दाखवली. तीन आठवड्यांत तीनशे ग्रॅमचे कॅलिपर तयार झाले. पालकांच्या डोळ्यांत पाणी आले, असे कलाम अनेकदा सांगत.

घेण्यापूर्वी

* कॅलिपर मापाचाच हवा. अस्थिरोगतज्ज्ञ किंवा पुनर्वसनतज्ज्ञांच्या सल्ल्याने घ्यावा. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. आपल्या गावी प्रथम जिल्हा रुग्णालयात विचारावे. साधनांसाठी सरकारी मदतीची योजनाही आहे.
* कार्बन महाग आहे. तो सर्वांनाच लागतो असे नाही. अनेकांना पॉलिप्रॉपिलीनचा हलका कॅलिपरही पुरतो.
* त्यावर घरी भोक पाडू नये, तो शेगडीवर तापवू नये. चीर पडली, थर सुटल्यासारखा दिसला किंवा कुरकुर आवाज आला तर वापर थांबवून दाखवावा. लोखंड बहुधा वाकून सूचना देते, कार्बन तितकी देत नाही.
* रोज रात्री त्वचा पाहावी. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर माप चुकले आहे असे समजावे.
* बाळांचे पोलिओ डोस चुकवू नयेत. भारतातला शेवटचा नैसर्गिक विषाणूचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. तरी जगातून हा रोग अजून गेलेला नाही.

ताईचा नवा कॅलिपर बुटासकट सव्वा किलोचा आहे. गुडघ्याचे सांधे मात्र अजून धातूचेच. व्यायाम आता थोडा, दम लागण्याआधी थांबायचा. गेल्या महिन्यात आम्ही दोघे दादरचा पूल चढलो. वर पोचल्यावर ती कठड्याला टेकून म्हणाली, "बाबांनी हे कापड पाहायला हवं होतं."

जुना कॅलिपर तिने टाकलेला नाही. तेलपाणी करून कपाटामागे ठेवला आहे. "हा मोडला तर वेल्डिंगवाला थोडाच जोडून देणार?" ती म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि सल्ला म्हणून तो वाईटही नाही. नवे साधन आले तरी जुने चालू स्थितीत हाताशी असू द्यावे.