जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधून ‘घूं’ आवाज का येतो?

निमगाव सावा असो की जुन्नर तालुक्यातलं दुसरं गाव, हरिनाम सप्ताहाला देवळातला जुना अ‍ॅम्प्लिफायर लावला की अनेकदा भजनाआधी ‘घूं’ ऐकू येतं. हा आवाज येतो कुठून?

आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. अ‍ॅम्प्लिफायरमधले डायोड तिचं डीसीत रूपांतर करतात, तेव्हा 100 हर्ट्झचे चढउतार उरतात. ते सपाट करणं हे मोठ्या कपॅसिटरचं काम. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो आतून सुकतो आणि चढउतार स्पीकरपर्यंत पोहोचतात. जुन्या व्हिडिओ गेमच्या बोर्डावरही हेच होतं.

दोष कसा ओळखायचा?

व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज तसाच राहिला, तर आधी कपॅसिटरवर संशय घ्या. थांबला, तर माइकची वायर आणि पिन तपासा. फक्त बटण फिरवताना खरखर होत असेल, तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ बसली आहे.

हे मात्र करू नका

अर्थिंगची पिन काढली की कधी कधी ‘घूं’ थांबतं. पण पुढे आतली वायर सुटली, तर अ‍ॅम्प्लिफायरची पेटीच नव्हे, हातातला माइकही शॉक देऊ शकतो. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असू शकते. म्हणून पेटी मेकॅनिककडूनच उघडून घ्या.