ओलाफ: एका नांवाची कुळकथा

नॉर्वे देशांतील ‘ओलाफ’ ह्या नांवाचा आम्ही येथें विचार करूं. प्राचीन नॉर्स भाषेंतील ‘पूर्वज’ व ‘वारस’ ह्या अर्थांच्या शब्दांपासून तें बनलें. अर्थात् ओलाफ म्हणजे पूर्वजांचा वारस. राजा ओलाफ हाराल्डसन १०३० सालीं स्टिकलेस्टाडच्या रणांत पडला व पुढें संत म्हणून पूज्य झाला.

१९०५ सालीं स्वीडनपासून विभक्त झालेल्या नॉर्वेनें डेन्मार्कच्या राजपुत्रास सिंहासनावर बसविलें, तेव्हां त्याच्या इंग्लंडांत जन्मलेल्या अलेक्झांडर नामक बालकास हेंच नांव मिळालें. देश जर्मनांच्या ताब्यांत असतां १९४४ सालीं तो नॉर्वेच्या सैन्याचा प्रमुख झाला, आणि १९५७ पासून १९९१ पर्यंत राजा होता. जन्मानें परका असलेला हा पुरुष वारस ठरला, तो नुसत्या नांवानें नव्हे, असें आम्हांस वाटतें.